वेमिक शहाणा, तर मग लोहार जो भोळसट कसा?

गिरगावकर
डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीमध्ये वकिलाचा कारकून वेमिक हाच एकटा व्यवहारी माणूस असून जो नावाचा लोहार निव्वळ भोळसट आहे, असे काल येथे कोणी लिहिले, ते वाचून राहवले नाही. फाशी जाणाऱ्या अशिलाचा निरोप घेता घेता त्याची कबुतरांची जोडी पदरात पाडून घेणाऱ्यास आपण शहाणा म्हणायचे काय? पळालेला कैदी पकडला जातो आणि लोहाराच्या घरातले खाणे आपण चोरले असे सांगतो, तेव्हा लोहार जो त्याला म्हणतो की तू काय केलेस ते आम्हांस ठाऊक नाही, पण त्यापायी तू उपाशी मरावेस असे आम्हांस वाटत नाही. जोच्या घरी वाढलेला कथानायक पिप या दोन जगांच्या मध्ये वाढतो. आपण कोणते जग निवडतो आहोत हे त्याला फार उशिरा कळते; वाचकाला मात्र ते या दुय्यम पात्रांमुळे आधीच दिसत असते.

पार्ल्याची शिक्षिका
जोच्या चांगुलपणाची किंमत कोणी मोजली, तेही सांगा. बायको, म्हणजे पिपची थोरली बहीण, लहानग्या पिपला छडीने झोडपते आणि हा धट्टाकट्टा लोहार पाहत राहतो. वर्गात हा भाग शिकवताना मला दर वेळी संताप येत असे.

गिरगावकर
बाई, बापाने आईला मारलेले त्याने पाहिले होते. आपल्या हातून कोणा स्त्रीवर तसा जुलूम होऊ नये म्हणून, चुकायचेच असेल तर दुसऱ्या बाजूने चुकू, असे तो स्वतः पिपला सांगतो.

पार्ल्याची शिक्षिका
कारण समजले. मार पिपलाच बसला.

फोर्टमधला वकील
वेमिकवर अन्याय होतो आहे. मित्राला गुपचूप पैशाची मदत करावी का, असे पिप ऑफिसात विचारतो, तेव्हा वेमिक लंडनचे सहा पूल मोजून दाखवतो आणि त्यांतला एक निवडून पैसे नदीत फेकण्यास सांगतो. तोच वेमिक वॉलवर्थच्या घरी, बहिऱ्या म्हाताऱ्या वडिलांच्या सान्निध्यात, त्याच मदतीची सगळी व्यवस्था लावून देतो. कोर्टात दिवस काढणाऱ्याने घर वेगळे राखले नाही, तर घरही कोर्ट होते.

लालबागकर
वकीलसाहेबांशी मी सहमत आहे. माझे वडील एका गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. 1982 च्या संपात कामावर न येणाऱ्यांच्या बडतर्फीची पत्रे ते दिवसभर टाइप करीत आणि त्याच कामगारांच्या पोरांसाठी रात्री आमची आई चार भाकऱ्या जास्त थापत असे. पीठ वडीलच आणून देत. त्यांना दुटप्पी म्हणणाऱ्याच्या पोटावर कधी पाय आलेला नाही.

करी रोडची
आला होता. तसलेच एक पत्र आमच्या घरी आले होते आणि माझ्या वडिलांना त्यानंतर कायमची नोकरी मिळाली नाही. शेजारच्या भाकरीचे ऋण मी नाकारत नाही, पण भाकरी दिली म्हणून पत्राची धार बोथट होत नाही.

लालबागकर
पत्र मालकाचे होते. माझ्या वडिलांनी नकार दिला असता, तर दुसऱ्याने टाइप केले असते आणि आमचीही चूल विझली असती. माझ्या वडिलांवर बोलू नका.

करी रोडची
वडिलांचा विषय आपण काढलात. आता वेमिकबद्दलच बोलते. त्याच्या घरचा हळवेपणा त्याचा मालक, वकील जॅगर्स, याच्यासमोर उघडा पडतो, त्यानंतर लगेच माईक नावाचा अशील ऑफिसात येतो. मुलीला दुकानातल्या चोरीच्या संशयावरून धरले म्हणून तो रडतो आहे आणि वेमिक त्याच्यावर खेकसतो; येथे भावना चालणार नाहीत असे जॅगर्स बजावतो, तेव्हा वेमिक त्यालाच दुजोरा देतो. स्वतःचा म्हातारा बाप एवढा जपणाऱ्याला दुसऱ्या बापाचे रडणे सहन होत नाही. हा प्रसंग डिकन्सने उगाच तेथे ठेवलेला नाही.

फोर्टमधला वकील
माईकचा प्रसंग वेमिकच्या विरुद्ध जातो, एवढे मान्य करावे लागेल. परंतु त्याच प्रकरणात जॅगर्स, जणू दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसा, कबूल करतो की नाश ठरलेल्या पोरांच्या ढिगातून एक मूल वाचवता येत होते आणि ते त्याने वाचवले. ते मूल म्हणजे एस्टेला, जिच्यावर पुढे पिपचे प्रेम बसते; ती जगली ती त्या कोरड्या ऑफिसामुळे. जोच्या भट्टीपाशी बसून तिला कोणी सोडवले नसते.

पार्ल्याची शिक्षिका
आणि वाचवून दिली कोणाकडे? लग्नाच्या दिवशी फसवली गेलेल्या श्रीमंत मिस हॅविशॅमकडे, जिने तिचे काळीज काढून घेतले. जॅगर्सने तिचा जीव वाचवला, पुढे तिचे काय होते आहे हे मात्र त्याने वर्षानुवर्षे नुसते पाहिले. मी जोला माफ करत नाही, पण जॅगर्सला तर मुळीच नाही.