मदत हवी आहे: हिपॅटायटिस बी एकीकडे रिअ‍ॅक्टिव, दुसरीकडे निगेटिव, खरं काय मानायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. धाकट्या दिराने गणपतीत शिबिरात रक्त दिलं, नंतर रक्तपेढीतून फोन आला की एलायझात (लॅबमधली मशीनवरची टेस्ट) एचबीएसएजी, म्हणजे व्हायरसच्या पृष्ठभागावरचं अँटिजेन, रिअ‍ॅक्टिव आहे, येऊन भेटा. मग कोणीतरी म्हणालं एकदा बाहेरून करून घ्या, तर तिथली कार्ड टेस्ट (पट्टीवरची झटपट टेस्ट) चक्क निगेटिव! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, सगळे मोकळे झालो, पण पोटाच्या डॉक्टरांनी रक्तातला व्हायरसचा डीएनए मोजायला सांगितला होता तो आला १,८४० आययू. एचबीईएजी (व्हायरसचं ई अँटिजेन) निगेटिव, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) ४६. डॉक्टर म्हणाले व्हायरसमध्ये म्युटेशन असू शकतं, बाहेर एवढी गर्दी होती की पुढे काही विचारताच आलं नाही.

आता शेजारचे काला पीलिया म्हणतात, आत्याबाई पीलिया झाडणाऱ्याकडे न्या म्हणतात (तो विषय मी बंद केलाय), आणि घरात भाऊजींचं ताट-वाटी वेगळं झालंय ते मला अजिबात पटत नाहीये. व्हायरस आहे तर कार्डावर का दिसला नाही? जीनोटाइप (व्हायरसचा उपप्रकार) टेस्ट करावी का? शिवाय त्यांचं लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना काय सांगायचं?

नळी_आणि_पिपेट
ताई, मी बडोद्याला लॅबमध्ये आहे. एकदम म्युटेशनवर जाऊ नका. कार्डची पकड एलायझापेक्षा कमीच असते, रक्तात अँटिजेन थोडं असेल तर ते सुटतं, पहिला संशय तोच. पण डॉक्टर म्हणतात तेही होतं. हा व्हायरस स्वतःची कॉपी काढताना चुका करतो आणि त्या तपासायची सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे ए ते जे असे दहा जीनोटाइप झालेत, एकमेकांपासून ८ टक्क्यांहून जास्त वेगळे. आपल्याकडे डी जास्त, मग ए, पूर्वेकडे सी पण. टेस्टमधल्या अँटिबॉडी पकडतात तो व्हायरसच्या पृष्ठभागावरच्या एस प्रोटीनचा छोटासा तुकडा, साधारण १२४ ते १४७ नंबरची अमिनो अ‍ॅसिडं. तिथे १४५ला ग्लायसीनच्या जागी आर्जिनीन आलं की काही किट ओळखतच नाहीत, म्हणजे रखवालदाराकडे मिशीवाला फोटो आणि पाहुणा मिशी काढून आलेला. डीएनए टेस्ट सहसा न बदलणाऱ्या भागावर बेतलेली असते म्हणून तिथे सापडतो.

एचबीईएजी निगेटिव आलं म्हणून व्हायरस झोपलाय असंही धरू नका. व्हायरसच्या डीएनएत १८९६व्या जागी जी अक्षराचा ए झाला की ई अँटिजेन बनणंच बंद होतं, व्हायरस मात्र चालू, आणि डी जीनोटाइपमध्ये हे बरंच दिसतं. म्हणून डीएनए आणि एसजीपीटीवरच लक्ष ठेवायचं.

आता करायचं काय तर दुसऱ्या कंपनीच्या किटवर, शक्यतो क्लिया मशीनवर (जास्त बारकाईने पकडणारी लॅबची पद्धत) एचबीएसएजी परत करा आणि सोबत अँटी-एचबीसी (संसर्ग झाल्याची खूण असलेली अँटिबॉडी) टोटल, नुसतं आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाचं, नाही. जीनोटाइप डॉक्टरांनी मागितला तरच, टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्या सगळ्या जीनोटाइपवर चालतात, फरक पडतो तो इंटरफेरॉनचं इंजेक्शन द्यायचं असेल तर. आणि इतक्या कमी डीएनएवर तो कधीकधी निघतही नाही, पैसे फुकट.

मोरारवाली_काकू
अगं ताट-वाटी आधी एकत्र कर! जेवणातून, मिठी मारून हे पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं. आणि मुलीकडच्यांना आत्ताच सांगा, नंतर कळलं तर जास्त महागात पडेल.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे, सासूबाईंना हे वाचूनच दाखवते. एक राहिलं, व्हायरस बदललेला असेल तर त्या मुलीला लस लागू होईल का?

नळी_आणि_पिपेट
होते. बऱ्याच लसी ए जीनोटाइपच्या अँटिजेनपासून बनल्यात तरी बाकीच्यांवरही चालतात, १४५वाले प्रकार निसटू शकतात पण क्वचित. आधी तिचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी करा, मग ०, १, ६ महिने असे तीन डोस, आणि तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने तयार झालेल्या अँटिबॉडीचं प्रमाण), १०च्या वर आला की झालं. तोवर काँडोम. घरातल्या बाकीच्यांचीही हीच तपासणी करून घ्या, सासूबाईंची तर नक्कीच, कारण हा जन्माच्या वेळी आईकडूनही आलेला असू शकतो.