मदत हवी आहे: बाबांना व्हीआर हेडसेट लावला की गरगरतं

वर्तकनगरची_लेक
कुणीतरी लवकर सांगा. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा चार महिने घरातच आहेत. चौथा मजला, लिफ्ट नाही. रोज उपवन तलावावर फिरणारा माणूस छताकडे बघत पडून असतो. भाच्याचा हेडसेट (डोळ्यांवर बांधला की चहूबाजूंनी दृश्य दिसतं तो) आणून जंगल दाखवलं, तर दोन मिनिटांत उलटी. आता हात लावू देत नाहीत. दुसरं काय दाखवू?

सानपाडा_सुहास
कुठला हेडसेट? वय? व्हिडिओ कसला होता?

वर्तकनगरची_लेक
कंपनी राहू द्या हो. ७८. जंगलावरून ड्रोन उडतो तो.

सानपाडा_सुहास
ड्रोननेच घात केला, ताई. डोळे म्हणतात उडतोय, कानातलं तोलाचं इंद्रिय म्हणतं जागेवरच आहोत. त्यातून मळमळते. कॅमेरा एका जागी ठेवून घेतलेला ३६० अंशांचा व्हिडिओच लावा. आईला मी तीन मिनिटं समुद्रकिनारा दाखवून सुरुवात केली. माझा क्वेस्ट २ हेडसेट अर्धा किलोचा आहे, म्हाताऱ्या मानेला जड होतो. मागे उशी द्या, भिंगांमधलं अंतर जुळवा.

कळव्याची_मीना
ही यंत्रं कशाला? गॅलरीत मोगरा लावा, त्यांनाच पाणी घालू द्या. माझे सासरे त्यानेच सावरले.

वर्तकनगरची_लेक
गॅलरी खोलीत घेतलीय. खिडकीतून समोरची भिंत दिसते.

सानपाडा_सुहास
मीनाताई, म्हणूनच हेडसेट! १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

कळव्याची_मीना
ती खरी झाडं होती, सुहास. चष्म्यातली नव्हेत.

ऐरोलीकर_काका
ऐरोलीहून खाडीत बोटीने फ्लेमिंगो दाखवा. भरतीची वेळ विचारून जा.

कळव्याची_मीना
काका, चार मजले उतरवणार कोण?

फिजिओ_घणसोली
पेसमेकर आहे का? हेडसेटमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात. आणि लावून उभं करू नका, खुबा पुन्हा जाईल.

वर्तकनगरची_लेक
आहे. दोन वर्षं झाली. लिहायचं राहिलं.

फिजिओ_घणसोली
मग हृदयाच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत हेडसेट कपाटात. मळमळीचंही त्यांच्या कानावर घाला.

वर्तकनगरची_लेक
उद्या सकाळीच फोन करते. तोवर उपवनच्या पहाटेचे नुसते आवाज मिळतील का कुणाकडे? पक्षी, पाणी, काहीही.

कळव्याची_मीना
शनिवारी पहाटे मी तिथे असते, करून आणते. बाबा कुठल्या बाजूला बसायचे?