अनुभव धागा : संगणकावरची चित्रफीत डीव्हीडी प्लेअरसाठी बदलताना

धागाकर्ता, पुणे

माझी आत्या सांगलीला असते. वय ८२, घरात पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आणि त्याच्या डोक्यावर डीव्हीडी प्लेअर. यांपैकी काहीही बदलायला ती तयार नाही. तिच्या नातीच्या अरंगेत्रमचे चित्रीकरण मोबाइलवर झाले होते. ती एमपी४ फाइल मी जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरवून पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, की यंत्र तबकडी आत घेते, जरा वेळ घुरघुरते आणि परत बाहेर काढते.

चूक माझीच होती. 'फॉरमॅट' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो : फाइलचे वेष्टन, म्हणजे एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही वगैरे, त्या वेष्टनात चित्र आणि आवाज ज्या रीतीने दाबून भरलेले असतात तो कोडेक, आणि तबकडीवरची मांडणी. जुना प्लेअर या तिन्हींबाबत हट्टी असतो. त्याला चित्र एमपेग-२ मध्येच हवे, आपल्याकडच्या पाल या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीत ते ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे हवे, आवाज ४८ किलोहर्ट्झचा हवा, आणि हे सगळे 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरात, एक जीबीच्या आतल्या, चित्र आणि आवाज असलेल्या व्हीओबी फाइलींमध्ये, सोबतच्या आयएफओ या सूचीवजा फाइलींसह मांडलेले हवे. एफएफएमपेग या मोफत साधनात 'टार्गेट' या पर्यायापुढे 'पाल-डीव्हीडी' लिहिले की यातले चित्र आणि आवाज बदलण्याचे काम एका ओळीत होते. तबकडीची मांडणी मी डीव्हीडीस्टायलर या साधनात केली.

आपल्याकडे कोणती फाइल होती, ती कोणत्या यंत्रासाठी बदलली आणि गाडी कुठे अडली, हे सविस्तर लिहावे. बाजारातल्या चित्रपटांच्या तबकड्यांची कुलपे काढण्याची चर्चा मात्र इथे नको, घरच्या चित्रीकरणापुरतेच बोलू.

ठाणे

मी २००२ पासून बरीच वर्षे लग्नाच्या कॅसेटींचे मिक्सिंग करत असे. त्या काळात माझी जी एक चूक झाली ती आजही कुणाच्या तबकडीत दिसली की मला लांबून ओळखू येते.

मिनी-डीव्ही कॅसेटवरचे एक तासाचे चित्रीकरण संगणकावर घेतले की सुमारे १३ जीबी जागा खाते. ते कापून, जोडून, गाणी टाकून शेवटी डीव्हीडीसाठी एमपेग-२ करायचे. एका वरातीत मुलामुलींचे लेझीम होते. माझ्या मॉनिटरवर सगळे ठीक दिसले, फक्त हात जोरात हलले की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येत होत्या, आणि त्या येतातच म्हणून मी दुर्लक्ष केले. तीन संच पोचवले. संध्याकाळी वधूपित्यांचा फोन आला, "अहो, आमच्या घरातली सगळी माणसं थरथरतायत." टीव्हीवर लावून पाहिले तर खरोखरच लेझीम पुढे जायची, किंचित मागे यायची आणि पुन्हा पुढे जायची. स्थिर उभी असलेली माणसे मात्र अगदी नीट दिसत होती, आणि त्यावरूनच दोष कुठे आहे ते कळले.

त्या कॅमेऱ्यांत एक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रे असत, एक सम ओळींचे आणि एक विषम ओळींचे, आणि ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली असत. डीव्ही कॅसेटमध्ये ओळींच्या प्रत्येक जोडीतल्या खालच्या ओळींचे अर्धे चित्र आधीचे असते. रूपांतर करताना माझ्याकडून 'वरचे आधी' असे निवडले गेले होते, त्यामुळे टीव्ही प्रत्येक जोडीतले नंतरचे चित्र आधी दाखवत होता. संगणक दोन्ही अर्धी एकत्र करून दाखवतो, म्हणून तिथे ही चूक पकडता येत नाही. डीव्हीडीला दोन्ही क्रम चालतात, पण फाइलवर जो क्रम लिहिला आहे तोच आत असला पाहिजे. सगळे पुन्हा रेंडर करायला पेंटियम ४ ने आख्खी रात्र घेतली, आणि तेव्हापासून माझ्या टेबलाशेजारी मॉनिटरखेरीज चौदा इंची टीव्ही कायम ठेवलेला असे.

पुढे हाय डेफिनिशन कॅमेरे आले, त्यांत वरच्या ओळी आधी. एकाच लग्नात एक जुना आणि एक नवा असे दोन कॅमेरे असले, तर त्या दिवसांतली माझी चिडचिड घरच्यांना विचारावी.

न्यू जर्सी

आमच्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी कोल्हापूरहून आली. लॅपटॉपवर छान चालली, पण बैठकीतल्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे होऊन वर सरकत राहिले. ओळखीतल्या चौघांनी 'रीजन कोड', म्हणजे तबकडी कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालावी याचे बंधन, असे निदान केले. भारताचा रीजन ५ आणि अमेरिकेचा १ हे खरे, परंतु घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या तबकडीवर सहसा असे बंधन घातलेलेच नसते. अडचण पाल आणि एनटीएससी यांची होती. इथल्या एनटीएससी पद्धतीत ७२० गुणिले ४८० ठिपके आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम.

माझ्या पहिल्या प्रयत्नात त्या साधनाने २५ च्या फ्रेम मोजून तशाच २९.९७ च्या वेगाने पळवल्या. तासाभराचा सोहळा पन्नास मिनिटांत आटोपला; गुरुजी आशीर्वाद देऊन मोकळे झाले तरी मंत्र मागून ऐकू येतच होते. दुसऱ्या प्रयत्नात कालावधी तोच ठेवून मधूनमधून फ्रेम दुहेरी केल्या. आवाज जुळला, पण कॅमेरा अंगणावरून फिरतो तिथे धक्के जाणवू लागले. शेवटी अर्ध्या चित्रांतून आधी सेकंदाला ५० पूर्ण चित्रे तयार केली, त्यांवरून इथल्या हिशेबाची अर्धी चित्रे काढली, आणि मग हे धक्के बरेच सौम्य झाले. प्रत्येक फ्रेममधल्या ९६ ओळी मात्र गेल्या त्या गेल्याच.

उलट दिशेने एवढा त्रास नाही. इथून पाठवलेली एनटीएससी डीव्हीडी कोल्हापुरात विनातक्रार चालते, कारण तिकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती स्वीकारतात. आता मी नातेवाइकांसाठी एकच एनटीएससी प्रत करते.

नाशिक

मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे गणिताकडे वळतो. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकाचे चित्रीकरण २ तास ४० मिनिटांचे होते आणि सभासदांचा आग्रह एकाच तबकडीचा होता. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते. संगणक तोच आकडा ४.३८ असा दाखवतो, कारण तो हजाराऐवजी १०२४ ने भागतो, आणि त्यात कुणी कुणाला फसवलेले नसते. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. नाटक ९,६०० सेकंदांचे. भागाकार केला की सेकंदाला ३.९ मेगाबिट येतात, त्यांतून आवाज आणि मांडणीचा वाटा वजा जाता चित्रासाठी सुमारे साडेतीन उरतात. डीव्हीडीत चित्राला कमाल ९.८ पर्यंत मुभा आहे, यावरून ताण लक्षात यावा. बंद दिवाणखान्याच्या प्रवेशांत हे निभावले. पण शेवटी रंगमंचावर धूर सोडला होता, तिथे चित्राचे चौकोनी तुकडे पडले.

आवाजही तपासावा. माझ्या साधनाने तो न दाबता पीसीएम स्वरूपात ठेवला होता. ४८,००० गुणिले १६ गुणिले २, म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिटपेक्षा जास्त! तो १९२ किलोबिटच्या एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात बदलला आणि वाचलेली जागा चित्राला दिली. तरीही धुराचे समाधान होईना, तेव्हा मध्यंतरावर नाटक तोडून दोन तबकड्या केल्या. प्रेक्षकांना तसाही तिथे चहा लागतोच.

फोंडा, गोवा

आमच्या देवळाच्या उत्सवात गावकरीच मराठी नाटक करतात. अलीकडे चित्रीकरण मोबाइलवर होते, आणि कलाकारांपैकी वयस्कर मंडळींना डीव्हीडी हवी असते. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो खरा, पण उजेड कमी झाला की ती संख्या आपोआप घटवतो. मी जे साधन वापरले ते सरसकट ३० धरून चालले होते. पहिल्या अंकात काही जाणवले नाही. तिसऱ्या अंकात नायिकेने पद संपवून ओठ मिटले, तरी तान चालूच! सुरुवातीला आवाज मागेपुढे सरकवून जुळवला तर शेवट बिघडायचा, शेवट जुळवला तर नांदी बिघडायची. फरक हळूहळू साठत जाणारा असला की असेच होते. उपाय असा, की प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली वेळ पाहून आधी ठाम २५ फ्रेमची मधली फाइल करायची, ती आरंभी, मध्ये आणि शेवटी तपासायची, आणि मगच एमपेग-२ कडे जायचे.

मोबाइल उभा धरला तर आणखी एक गंमत होते. फोन चित्र फिरवत नाही, 'हे फिरवून दाखवा' अशी नुसती चिठ्ठी फाइलमध्ये ठेवतो. जुन्या साधनाने ती चिठ्ठी वाचली नाही आणि आमचा सूत्रधार संपूर्ण नांदी आडवा पडून म्हणत होता. फिरवल्यावर तो उभा राहिला, पण पडद्याच्या निम्म्याहून कमी रुंदीच्या पट्टीत. आता चित्रीकरण करणाऱ्या पोराला आधीच दटावतो.

सोलापूर

फाइल, कोडेक, मांडणी सगळे बरोबर असूनही माझी तबकडी प्लेअरवर पाऊण तास चालून अडकायची. तबकडीवर मी हौसेने कागदी स्टिकर चिकटवला होता, तो किंचित तिरका बसला होता आणि वेग वाढला की तोल जायचा. तीच फाइल दुसऱ्या कोऱ्या तबकडीवर ४एक्स वेगाने राइट केली, नाव पाण्याच्या शाईच्या पेनने लिहिले, आणि काम झाले. शेवटी तबकडी 'फायनलाइज' करायला, म्हणजे राइटिंग पूर्ण झाल्याची नोंद करून ती बंद करायला, विसरू नये.

बंगळूरु

आमच्या आजोबांना ऐकू कमी येते, म्हणून घरच्या चित्रीकरणाखाली मराठी उपशीर्षके देण्याचे मी ठरवले. मजकूर फाइल युनिकोडमध्ये नीट होती. तबकडीवर मात्र 'किती' मधला पहिला इकार क च्या पुढे जाऊन बसला आणि 'प्रश्न' मधला प्र पाय मोडून उघडा पडला. डीव्हीडीत उपशीर्षके अक्षरे म्हणून साठवलेली नसतात. ती प्रत्येकी चारच रंगांची चित्रे असतात, आणि ती चित्रे रूपांतर करणारे साधन आधीच काढून ठेवते. त्या साधनाला देवनागरीची जोडणी कळत नसेल तर प्लेअर बदलून काही उपयोग होत नाही. अक्षरजोडणी जाणणाऱ्या दुसऱ्या साधनातून चित्रे काढली तेव्हा शब्द शुद्ध झाले.

तरीही आजोबा म्हणाले, "अक्षरं नाचतायत रे." हे मला आठवडाभर कळले नाही. वर ठाण्याच्या काकांनी सम-विषम ओळींबद्दल लिहिले आहे, त्यातच याचे उत्तर आहे : मी निवडलेल्या नाजूक फाँटची शिरोरेषा जेमतेम एका ओळीएवढी जाड होती, म्हणून ती एका अर्ध्या चित्रात दिसायची आणि दुसऱ्यात नाहीशी व्हायची. रोमन अक्षरांना अशी सलग आडवी रेघ नसल्यामुळे इंग्रजी उपशीर्षकांत हे फारसे खुपत नाही. ठसठशीत फाँट घेतला, अक्षरांना गडद किनार दिली आणि मजकूर कडांपासून आत घेतला, कारण ट्यूबचा टीव्ही चारही बाजूंनी थोडे चित्र खातो.

अमरावती

धागाकर्त्यांनी 'एमपेग-२ मध्येच' असे लिहिले आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवतो, कारण तिच्यामुळे माझे बरेच काम वाचले. मुलीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनांच्या व्हीसीडी, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या व्हिडिओ सीडी, आमच्याकडे होत्या. व्हीसीडीत ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे एमपेग-१ चित्र असते, सेकंदाला १,१५० किलोबिटचे, आणि नेमके तेच चित्र डीव्हीडीच्या नियमांत बसते. म्हणजे व्हीसीडीवरची चित्र-आवाजाची डॅट फाइल उतरवून घ्यावी, चित्राला हातही लावू नये, फक्त ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज ४८ चा करावा आणि डीव्हीडीची मांडणी बांधावी. मी आधी अज्ञानाने तेच चित्र मोठे करून एमपेग-२ केले होते. फाइल चौपट झाली, चेहरे होते त्याहून पुसट झाले. हात न लावलेल्या पद्धतीने एका डीव्हीडीवर सातेक तास मावतात. सहा वर्षांची स्नेहसंमेलने एका तबकडीत आली, आणि जुन्या व्हीसीडींपैकी दोन तर उतरवून घेतानाच शेवटच्या कडेला वाचता आल्या नाहीत.

धागाकर्ता, पुणे

अमरावतीकरांची दुरुस्ती मान्य, आभार. काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारले आहे, की प्लेअरला यूएसबीची खाच असताना तबकडी कशाला. ती खाच आत्याकडेही आहे. पण तिथे एव्हीआय वेष्टनातले डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड या कोडेकांचे चित्र चालते, मोबाइलची एमपी४ फाइल नावसुद्धा दाखवत नाही. शिवाय फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

दुसरी डीव्हीडी मी १६:९ या रुंद आकाराची खूण करून पाठवली. आत्याच्या प्लेअरमध्ये टीव्हीचा प्रकार '४:३ पॅन-स्कॅन' असा ठेवलेला होता, त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जात होत्या आणि नात नाचत कडेला गेली की पडद्याबाहेर जायची. फोनवर एकेक बटण सांगत ती सेटिंग 'लेटरबॉक्स' केली. आता नात पूर्ण दिसते. काल आत्याने विचारले, की पैसे पूर्ण दिले असतील तर वर आणि खाली काळी पट्टी का सोडली आहे.