शब्दचर्चा: 'सॉफ्टवेअर मारणे' आणि फर्मवेअरला मराठीत काय म्हणायचं?

मागच्या महिन्यात घरचा राऊटर अपडेट करत होतो आणि मधेच लाईट गेली. परत आली तेव्हा पॉवरचा दिवा लागतोय, बाकीचे सगळे बंद, रिसेटचं बटण टाचणीने मिनिटभर दाबून धरलं तरी ढिम्म. दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला तर ते म्हणाले, "बोर्ड चांगलाय, सॉफ्टवेअर उडालंय, मारून देतो." झाकण उघडून त्यांनी आठ पायांची एक चिप दाखवली, हरभऱ्याच्या डाळीएवढी, तिला चिमटा लावला, चिमट्याची वायर लॅपटॉपला जोडली आणि थोड्या वेळात राऊटर सुरू.
आता हे जे उडतं आणि मारलं जातं त्याला अपडेटच्या पानावर फर्मवेअर म्हटलंय. मी आजवर समजत होतो की फर्म म्हणजे पेढी, फर्मने दिलेलं ते फर्मवेअर. बरोबर आहे का? मराठी शब्द आहे का कुठला? आणि 'मारणे'च का?

प्रतिसाद १
नाही, पेढीचा काही संबंध नाही. इथे फर्म म्हणजे पक्कं, घट्ट. १९६७ साली आशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' मासिकातल्या लेखात हा शब्द वापरला, हार्ड आणि सॉफ्ट यांच्या मधलं ते फर्म. तेव्हा तो मायक्रोकोडपुरता, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या अगदी बारीक सूचनांपुरता होता, आता अर्थ बराच पसरलाय.
तुमच्या त्या डाळीएवढ्या चिपमध्येच सगळं असतं. वीज आली की प्रोसेसर तिच्यातला बूटलोडर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम वाचतो, तो कर्नल, म्हणजे सगळा कारभार बघणारा मुख्य प्रोग्राम, रॅममध्ये उतरवतो, मग कर्नल वायफायच्या चिपला आणि लॅन पोर्टवाल्या स्विच चिपला कामाला लावतो. हे होईपर्यंत राऊटर म्हणजे नुसता तापणारा डबा. आणि रिसेटचं बटण का चाललं नाही तेही यातच आलं. बटण दाबलं की प्रोसेसरच्या एका पायावरचा सिग्नल बदलतो, बस, किती सेकंद दाबलंय ते मोजायचं आणि सेटिंग पुसायचं काम फर्मवेअरचं, आणि तेच अर्धवट लिहिलं गेलेलं, मग पुसणार कोण? म्हणून फॅक्टरी रिसेटला 'मूळ स्थितीत आणणे' म्हणतात ते मला खटकतं, त्याने फक्त सेटिंग जातात, फर्मवेअर अपडेट केलेलं असेल तर जुनं परत येत नाही.

प्रतिसाद २
'मारणे' अगदी अस्सल मराठी आहे हो. रंग मारतो, शिक्का मारतो, चाकात हवा मारतो. बाहेरून एखादी गोष्ट आणून वस्तूवर किंवा वस्तूत चढवायची, तिथे आपण मारतोच. बल्ब उडतो तसं सॉफ्टवेअर उडतं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हे शब्द रोज चालतात, ते अशुद्ध वगैरे मुळीच नाहीत.
मराठीत मी 'अंगभूत आज्ञावली' सुचवेन.

प्रतिसाद ३
अंगभूत नको वाटतं. अंगभूत गुण बदलत नाही, फर्मवेअर बदलता येतं. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी राऊटर बघा, २००२ च्या डिसेंबरात आला, आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम निघाली, २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. लोकांनी त्याच डब्यात आपलं फर्मवेअर मारलं. पण हार्डवेअरला सोडून काही करता येत नाही, पुढे पाचव्या आवृत्तीत फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवणारी चिप, ४ एमबीची २ आणि रॅम १६ ची ८ एमबी केली, लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घातली, मग आधीची फर्मवेअर त्यात मावेनात.
म्हणून मला 'बसवलेली आज्ञावली' बरं वाटतं. नाटक बसवतो ना आपण, हाताशी असलेले नट आणि रंगमंच बघून, तसंच हे त्या बोर्डावर बसवलेलं असतं, आणि पुन्हा वेगळं बसवताही येतं.

मूळ लेखक
'बसवलेली' आवडलं, रिसेटचंही आत्ता कळलं, सगळ्यांचे आभार. लिहिताना फर्मवेअरच लिहीन, आईला सांगताना बसवलेली आज्ञावली. दादांची पावती आत्ता काढून बघितली, तिच्यावर लिहिलंय, "राऊटर १ नग, सॉफ्टवेअर मारले."