मदत हवी आहे: जुना ओढायचा नांगर लावला की छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात

बोरीकाठ
लवकर सांगा. मामांच्या खळ्यात पडून असलेला जुना ओढायचा नांगर आणलाय. ट्रॅक्टर १८ एचपीचा. काल पऱ्हाट्या काढलेल्या रानात घातला तर दहा पावलांत पुढची चाकं वीतभर वर! तीनदा तेच. पुढे वजन किती लावू? आखाजी होऊन गेली, चार एकर तसंच पडलंय. "नांगर भंगारात घाला" हे ऐकून झालंय, ते सोडून सांगा.

आउतवाला
बंपरवर वाळूच्या दोन गोण्या बांध. मी पाच वर्षं बांधतोय, काही होत नाही.

केळीबाग_रावेर
नांगर बैलाचा की ट्रॅक्टरचा? फाळ किती?

बोरीकाठ
ओढायचा म्हणून लिहिलंय ना वर.

केळीबाग_रावेर
बैलही ओढतातच, दादा.

बोरीकाठ
दोन लोखंडी चाकं, दोन फाळ, दोरी ओढली की उचलतो. आता वजनाचं सांगा.

नवीनयंत्र
महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) यांत्रिकीकरणात अर्ज करा, हायड्रोलिक पलटी नांगर घ्या. कागदपत्रं लागतील. कुणाला अडचण असेल तर विचारा.

बोरीकाठ
मी अनुदान विचारलं का?

जुनंखोड
जुन्या लोखंडाची सर नव्याला नाही. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ चा, किर्लोस्करवाडीला झाला. लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक हात लावत नव्हते तेव्हा!

पांझरेकर
काका, १९०३ ला बेळगाव. वाडी १९१० ची. असो. बोरीकाठ भाऊ, साखळी कोठे बांधेल शे?

बोरीकाठ
वर, टॉप लिंकच्या (ट्रॅक्टरमागच्या वरच्या जोडदांड्याच्या) कानात. नांगराचं तोंड उंच आहे, खाली बांधली तर तिरपी ओढते. त्यात काय?

पांझरेकर
त्यातच सगळं आहे. आधी ती साखळी सोड, मग पुढचं वाच.

मागच्या धुऱ्याच्या (चाकांच्या ॲक्सलच्या) वर कुठेही ओढ आली की ट्रॅक्टर त्या धुऱ्याभोवती मागे फिरतो. फाळ दगडात किंवा मुळीत अडकला, चाकं घसरली नाहीत, तर इंजिन चाकांऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर फिरवतं. उलटायला दीड सेकंदही लागत नाही, तुझा पाय क्लचवर पोचेपर्यंत स्टेअरिंग छातीवर. तुझ्या नशिबानं तीनदा वीतभरच उचललं. ओढ कायम धुऱ्याच्या खाली, ड्रॉबारला (मागच्या खालच्या ओढपट्टीला). गोण्यांनी फक्त इशारा उशिरा मिळतो.

आउतवाला
मग हायड्रोलिक नांगराला टॉप लिंक असते ती? तो का पलटत नाही? उगाच घाबरवू नका.

पांझरेकर
तिथे टॉप लिंक ओढत नाही, ढकलते. फाळ जमिनीत गेला की नांगराचं डोकं पुढे झुकायला बघतं, ती लिंक त्याला अडवते. ओढ असते ट्रॅक्टरच्या खालच्या दोन हातांवर. ह्याची साखळी वरून ओढते, दोन्ही गोष्टी एक नाहीत.

केळीबाग_रावेर
+१. खालच्या दोन हातांत भोकांची आडवी पट्टी लावत असशील तर तीही ताणदांड्यांनी पक्की कर. नाहीतर ओढीनं किंवा लिफ्टचा दांडा चुकून ओढला की पट्टीच वर येते, मग पुन्हा तेच.

बोरीकाठ
बरं. पण मग नांगर खाली घुसत नाही. काल धाकटा भाऊ वर बसला तेव्हा कुठे घुसला.

केळीबाग_रावेर
काय??

जुनंखोड
आम्ही लहानपणी मैंदावर, ढेकळं फोडायच्या फळीवर, बसायचो.

पांझरेकर
मैंद सपाट असतो, काका. ह्याच्या मागे दोन फाळ आहेत. भावाला उद्यापासून बांधावर बसव. घुसत नसेल तर फाळाचं टोक बोथट असेल, लोहाराकडून पाजवून आण. नांगराच्या तोंडाला उभ्या भोकांची पट्टी असते, तिथला जोड वर-खाली करून बघ. ओढीची रेघ सरळ आली की खोली आपोआप बसते.

आणि दोन फाळ तुझ्या ट्रॅक्टरला जड आहेत. फाळ फूटभर रुंद, खोली १५ सेंमी, म्हणजे ४५० चौरस सेंमी. कोरड्या काळ्या रानात चौरस सेंमीला ०.६ किलो धरलं तरी एका फाळाला २७० किलो ओढ, दोघांना ५४०. तुझा ट्रॅक्टर किती वजनाचा?

बोरीकाठ
आठशेच्या आसपास.

पांझरेकर
मग त्याला एवढी ओढ झेपायची नाही, एक फाळ काढून ठेव.

आउतवाला
एका फाळानं चार एकर कधी व्हायचं, पावसाळ्यात?

पांझरेकर
उशीर झाला तर झाला.

केळीबाग_रावेर
साखळीऐवजी ताठ दांडा लाव. रस्त्यात ब्रेक मारलास तर साखळीनं नांगर मागून येऊन टायरवर बसतो. तुटायचा बोल्ट (नांगर अडकला की आधी तोच तुटावा म्हणून असतो तो) साध्या लोखंडाचा ठेव. काही जण वैतागून हाय टेन्साइल, म्हणजे जास्त मजबूत, घालतात, मग बोल्टाऐवजी दुसरं काहीतरी तुटतं. अडकला की रेस द्यायची नाही. क्लच दाब, थोडा मागे घे, दोरी ओढून उचल. बांधाजवळ वळताना आधी फाळ वर, मग वळण, नाहीतर दांडा टायरला लागतो.

जुनंखोड
आखाजीचे खापरावरचे मांडे कोणी खाल्ले यंदा? आमच्याकडे खापरच फुटलं.

नवीनयंत्र
पुन्हा सांगतो, अर्ज करून ठेवा.

बोरीकाठ
आज एक फाळ काढला, खाली ड्रॉबारला दांड्यानं जोडला. दीड एकर झालं, चाकं जमिनीवरच होती. एकदा दगडाला अडकला, बोल्ट तुटला. दुसरा घ्यायला अमळनेरला जाऊन आलो, त्यात दुपार गेली. भाऊ बांधावरून व्हिडिओ काढत होता, पाहुण्यांना पाठवतोय. नांगराचं एक चाक फिरत नाही, ग्रीसनं होईल की बुश बदलू?

पांझरेकर
बुश दिसतोय तसा फोटो टाक आधी.