पुढच्या चाकांकडून येणारी घरघर: बेअरिंग की टायर?

प्रश्न

माझी हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालणारी आणि पेट्रोलची असून तिचे ९०,००० किलोमीटर नुकतेच पूर्ण झाले आहेत. वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेला की पुढून, बहुधा डाव्या बाजूने, पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होते आणि वेगाबरोबर ती वाढत जाते. क्लच दाबला किंवा गिअर बदलला तरी आवाजात फरक पडत नाही. महामार्गावरच्या लांब उजव्या वळणावर मात्र तो स्पष्टपणे वाढतो. याशिवाय गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की टक-टक असा वेगळाच आवाज येतो. गेल्या पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून काही वेळा जावे लागले होते, त्याचा याच्याशी संबंध असू शकेल का? एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही टायर बदलायला सांगितले, तर दुसरीकडे दोन्ही बेअरिंग. खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कसा ओळखावा?

उत्तर १

क्लच दाबूनही आवाज तसाच राहतो, या आपल्या निरीक्षणामुळे इंजिन बहुतांशी बाजूला पडते आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या भागांकडे वळता येते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. त्यामुळे उजव्या वळणावर वाढणारी घरघर डाव्या बेअरिंगकडे बोट दाखवते. साठलेल्या पाण्याचा संबंध नक्कीच असू शकतो, कारण बेअरिंगचे सील जुने झाले असेल तर पाणी आत शिरते, ग्रीस खराब होते आणि बेअरिंगमधल्या फिरत्या गोळ्यांच्या मार्गावर गंजाचे खड्डे पडतात. असे बेअरिंग लगेच बंद पडत नाही, ते आवाज करत राहते, आणि म्हणूनच अनेकजण दुर्लक्ष करतात.

टक-टक आवाजाचा विचार मात्र वेगळा करावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू वेगात एक्सलरेटर दिल्यावर तो येत असेल, तर एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट झिजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. चाकामागे वाकून जॉइंटवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, पाहावे. ते फाटले असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतील.

उत्तर २

वळणाची चाचणी उपयुक्त आहे, पण केवळ तिच्या भरवशावर सुटा भाग विकत घेऊ नये. काही बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि भार सरकल्यावर कोणती रांग आवाज करेल, हे दरवेळी सांगता येत नाही. शिवाय आवाज पत्र्यातून प्रवास करत असल्यामुळे आत बसलेल्या माणसाचा बाजूचा अंदाज सहज चुकतो.

टायर आधी तपासावा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागावरून, तळहात पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टायर असमान झिजला आहे आणि तोही हुबेहूब अशीच घरघर करतो. दुसरी खूण रस्त्याची: सिमेंट काँक्रीटवरून नव्या डांबरावर आल्याबरोबर आवाज पुष्कळ बदलला तर संशय टायरवर घ्यावा, बेअरिंगची घरघर बहुधा तशीच राहते. तरीही खात्री होत नसेल तर त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक अदलाबदल करून पाहावे. आवाज मागे गेला तर दोष टायरचाच.

त्यानंतर सपाट जागेवर मागच्या चाकांना अडसर लावून पुढचे चाक उचलावे आणि जॅकवर विसंबून न राहता खाली भक्कम स्टँड द्यावा. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले की बिघडलेल्या बेअरिंगची थरथर बोटांना जाणवते. आवाजापेक्षा हा पुरावा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर बेअरिंगबरोबर बॉल जॉइंटही (सस्पेन्शनमधला गोलाकार सांधा) पाहावा. फक्त डावी-उजवीकडे ढिलाई असेल तर ती बहुधा टाय रॉडची (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याची) असते.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. एका परिचित मेकॅनिकसमोर चाके उचलून पाहिली. टायरचा ट्रेड दोन्ही दिशांनी सारखाच लागला. डाव्या स्प्रिंगवर थरथर स्पष्ट जाणवली, उजवीकडे अजिबात नाही. डाव्या एक्सलचे बाहेरचे बूट फाटलेले निघाले. आता दोन्ही बाजूंचे बेअरिंग बदलणे आवश्यक आहे का?

उत्तर ३

आवश्यक नाही, उजवे शांत असेल तर त्याला हात लावू नये. डाव्या बाजूचे काम मात्र कसे होते, याकडे लक्ष द्यावे. पुष्कळ हॅचबॅकमध्ये पुढचे बेअरिंग नकलमध्ये (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या धातूच्या भागात) घट्ट बसवलेले असते. ते हायड्रॉलिक प्रेसवर, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवायला हवे. हातोड्याने ठोकल्यास किंवा आतल्या कड्यावर दाब दिल्यास गोळ्यांच्या मार्गावर डाग पडतात आणि नव्या बेअरिंगची घरघर पुन्हा सुरू होते. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडे असते. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे आली नाही तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. एक्सलचा मोठा नट नवा घ्यावा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरावीक जोरावर) टॉर्क रेंचनेच आवळावा.

जॉइंट आधीच टक-टक करत असल्यामुळे नुसते बूट आणि ग्रीस बदलून तो शांत होणार नाही, कारण धूळ आत जाऊन झीज होऊन गेलेली असते. बाहेरचा जॉइंट बदलावा. बेअरिंगसाठी एक्सल तसाही निसटवावा लागतो, तेव्हा दोन्ही कामे एकाच वेळी केल्यास मजुरी वाचेल. शॉक ॲब्सॉर्बरचे नकलला जोडणारे बोल्ट उघडले गेले, तर शेवटी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घ्यावे.