कटाची रेसिपी मागावी की मागू नये?

कट_जास्त:
गेल्या रविवारी कोल्हापुरात मिसळ खाल्ली. हॉटेलाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कट असा, की दोनदा मागवला आणि तिसऱ्यांदा मागवायची लाज वाटली. पैसे देताना गल्ल्यावरच्या काकांना विचारलं, "कटात काय घालता हो?" काका म्हणाले, "मसाला घरचा हाय," आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर आईने झापलं. "सोनाराला विचारतोस का दागिना कसा घडवला ते?"

माझं म्हणणं, विचारलं तर बिघडलं काय? मी काही त्यांच्यासमोर गाडी लावणार नाही. कॉपीराइट पुस्तकातल्या मजकुरावर असतो, पदार्थावर नसतो. मग एवढं झाकून कशाला ठेवायचं?

मूगगिळू:
कायद्याने मालकी मिळत नाही म्हणूनच झाकून ठेवायचं. पेटंट घ्यायचं तर सगळं लिहून जाहीर करावं लागतं, आणि २० वर्षांनी ते कुणीही वापरावं. त्यापेक्षा तोंड बंद ठेवलेलं परवडतं. १९७७ साली जनता सरकारने कोका-कोलाकडे भारतीय भागीदारीबरोबर फॉर्म्युलाही मागितला, तर त्यांनी देशातून गाशा गुंडाळला. परत आले ते १९९३ मध्ये. सरकारला जे मिळालं नाही ते तुम्हाला साठ-सत्तर रुपयांच्या मिसळीवर फुकट हवंय?

अर्व्हाइनकर:
इकडे वेगळी रीत आहे. लॉस एंजेलिस टाइम्समध्ये 'कलिनरी एसओएस' नावाचं सदर यायचं. वाचक कळवायचे, अमुक रेस्टॉरंटचा अमुक पदार्थ हवाय. मग पेपरवाले त्या शेफकडून कृती मागून घ्यायचे, स्वतःच्या स्वयंपाकघरात घरगुती मापाने करून बघायचे आणि छापायचे. शेफही द्यायचे, कारण पेपरात नाव झळकायचं. आपल्याकडे मागण्याला अशी काही वाटच नाही, म्हणून गल्ल्यावर अवघडल्यासारखं होतं.

खानावळवाली:
मी सांगलीत खानावळ चालवते, म्हणून दुसरी बाजू सांगते. एक बाई रोज यायच्या, गोड बोलायच्या. अख्खा मसूर फार आवडायचा त्यांना. विचारलं, मी सांगितलं. कांदा किती तांबूस करायचा इथपर्यंत. दोन महिन्यांनी आमच्याच गल्लीत त्यांचे डबे सुरू झाले, ताटामागे पाच रुपये कमी. मसूर शिकल्याचं मला वाईट वाटलं नाही हो. "आता मीही सुरू करतेय" एवढं तोंडाने सांगितलं असतं तर चाललं असतं.

आणि दादा, विचारायची वेळ तरी बघा. रविवारी सकाळी दहाला मिसळवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. दुपारी चारला जा, चहा घेत बसा, बघा बोलतो का नाही.

शेंगदाणा_नको:
माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. "मसाला घरचा" हे उत्तर मला चालत नाही. वाटणात कूट आहे का, तळायला शेंगतेल आहे का, हे मी विचारणारच, वेळ कुठलीही असो. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना २०२२ पासून अ‍ॅलर्जीची माहिती देणं बंधनकारक आहे. पण मिसळवाल्याला दहा शाखा असतात कुठे?

मूगगिळू:
हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही विचारताय काय आहे ते. धागाकर्त्याला हवंय कसं केलं ते. पहिल्याचं उत्तर हॉटेलवाल्याने द्यायलाच हवं. दुसऱ्याचं दिलं तर त्याची मेहरबानी.

पुलाखालचा:
सगळे गुपित गुपित करताय. २०२४ च्या जानेवारीत बटर चिकन नेमकं कुणी शोधलं यावरून मोती महल आणि दर्यागंज या दोन हॉटेलांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. वाद श्रेयाचा. कृती केव्हाच घरोघरी गेली आणि तरी तिथे माणसं जेवायला जातातच ना?

कट_जास्त:
हेच तर म्हणतोय! @खानावळवाली, तुमचा अनुभव वाचून मात्र ओशाळलो. वेळेचं खरंच डोक्यात आलं नाही.

खानावळवाली:
ओशाळू नका. कट माझा नाहीच, तेव्हा सांगायला हरकत नाही. कांदा उभा चिरून तेलात चांगला काळपट होईपर्यंत परतायचा. सुकं खोबरं वेगळं, कोरडं भाजायचं, नाहीतर कडवट होतं. थोडे तीळ, आलं, भरपूर लसूण. हे सगळं वाटून तेलात परत परतायचं, तेल सुटलं की कांदा-लसूण मसाला आणि मग कढत पाणी. गार पाणी घातलं की तर्री बसते. मसाल्याचं प्रमाण मागू नका, ते मीही कुणाला देत नाही. आणि घरी चार माणसांपुरता केला तर तसा लागणार नाही. आमच्याकडे एका वेळी पाच किलो कांदा पडतो, पातेलं तीन तास मंद आचेवर असतं.

कट_जास्त:
आणि पाच किलोला तेल किती?

खानावळवाली:
दीड लिटर. आईंना वाचायला देऊ नका.